वावरात डबा गरम करताना खालून करपते अन् मधात थंडच राहते, त्यावर काय करायचं

दिवाळी झाली की हा त्रास सुरू होते आणि पार होळीपर्यंत चालते. आधी कापसाची वेचणी, तिच्या मागंच गहू-हरभऱ्याचं ओलित, आणि लाईन रात्रीची असली की दहा-अकराला मोटार सुरू करायला वावरात जावंच लागते. सोबत डबा असतो. डबा उघडला की चून (बेसनाचं पिठलं) घट्ट बसलेलं, भाकर वातड, भात गार. शेकोटी तर पेटलेलीच असते, म्हणून आपण डबा उचलतो आणि सरळ निखाऱ्यावर ठेवतो. पाच मिनिटात करपल्याचा वास सुटते, झाकण काढून पाहिलं तर खालचा बोटभर थर काळा आणि मधात चमचा घातला तर तसंच थंडगार. मग वरचं वरचं खायचं आणि खालचं कुत्र्याला टाकायचं. घरच्या बाईनं पहाटे उठून केलेलं अन्न असं टाकताना मला खरंच वाईट वाटते, म्हणून मागच्या दोन हिवाळ्यात मी ह्या एकाच गोष्टीच्या मागे लागलो. जे जमलं ते सगळं इथं लिहून ठेवतो, लांब होईल पण पूर्ण वाचा.

आधी जे करून पाहिलं आणि जमलं नाही ते सांगतो, म्हणजे तुमचा तरी वेळ जाणार नाही. पहिल्यांदा वाटलं जाळ मोठा आहे म्हणून करपते, तर निखारे पसरवून बारीक केले. करपायला पाचच्या जागी दहा मिनिटं लागली, पण करपलंच. मग शेकोटीत चपटा दगड तापवून त्याच्यावर डबा ठेवला, तर अर्धा तास झाला तरी वरचं कोमट पण नाही आणि तळाला पापडी धरलेली. मग कोणीतरी म्हटलं की चुनातच वाटीभर पाणी टाक, तर कडेनं लापशी झाली आणि मधात गोळा तसाच. डबा उलटा करून पण ठेवून पाहिला, तेल झाकणातून बाहेर आलं आणि भडकाच झाला. हे तर अजिबात करू नका.

शेवटी आमच्या मायनंच सांगितलं. काळा झालेला डबा घासायला तिच्यासमोर पडला तेव्हा म्हणाली, "डब्याले जाळ काऊन दाखवतं बाप्पा, पाणी दाखव नं." लहान लेकराचं दूध ती अशीच गरम करायची, गंजात (पातेल्यात) पाणी तापवायचं आणि दुधाची वाटी त्या पाण्यात बसवायची. इतकी सोपी गोष्ट, रोज घरात पाहिलेली, पण वावरात गेल्यावर सुचतच नाही.

हे असं काऊन होते ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं आहे. आपले डबे आता बहुतेक स्टीलचे असतात. स्टील मजबूत आहे, आंबटाला चालते, पण उष्णता पसरवण्यात ते जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) भांड्यापेक्षा दहा-पंधरा पटीनं मागे आहे. म्हणजे निखारा जिथं लागला तिथंच डबा तापते, बाजूला ती गरमी जातच नाही. त्यात डब्यातलं अन्न घट्ट. पातळ वरण असलं तर खालचं तापून वर येते, वरचं थंड खाली जाते आणि आपोआप फिरत राहते, पण चून, वांग्याची घट्ट भाजी, भात हे जागचं हलत नाही. मग तळाच्या थरातलं पाणी आधी उडून जाते. जोपर्यंत अन्नात ओल आहे तोपर्यंत तिथली गरमी १०० डिग्रीच्या आसपासच राहते, एकदा ओल संपली की ती भराभर वर चढते आणि तिथून करपणं सुरू. निखारे कमी केले, दगड ठेवला, तरी हेच होणार, फक्त हळू होणार.

मधात पाणी आलं की मात्र खेळ बदलते. उघड्या गंजातलं पाणी कितीही जाळ लावा, १०० डिग्रीच्या वर जात नाही, म्हणून डब्याचा तळ पण त्याच्या वर जात नाही आणि गंजात पाणी आहे तोवर करपायचा प्रश्नच येत नाही. शिवाय पाणी डब्याला चारही बाजूनं धरते, नुसतं खालून नाही, त्यामुळे मधातलं पण तापते.

मी करतो ते असं. एक जुना जर्मनचा गंज वावरातल्या झोपडीतच ठेवून दिला आहे, डबा आत बसून बाजूनं दोन-दोन बोटं जागा राहील एवढा. तळाला तीन छोटे खडे टाकायचे, नाहीतर डबा तळाला टेकून खडखड करते आणि तिथं पाणीच राहत नाही. पाणी डब्याच्या अर्ध्यापर्यंत, झाकणाच्या खाली निदान दोन बोटं, कारण उकळल्यावर ते उड्या मारते आणि आत शिरते. पाणी आधी उकळू द्यायचं, मग डबा सोडायचा. डब्याची क्लिप काढायची आणि झाकण नुसतं वर टेकवायचं. गंजावर ताटली ठेवली तर वाफ कोंडून लवकर होते. भाजी-वरणाला १० मिनिटं, भात-चुनाला १५ ते २०, आणि अर्ध्या वेळात एकदा चमच्यानं खालचं वर करायचं. मधातून वाफ निघाली की झालं. दोन-तीन पुडाचा (कप्प्यांचा) डबा असला तर पूड वेगळे करून शेजारी-शेजारी ठेवा, एकावर एक ठेवले तर वरच्याला काहीच लागत नाही.

उरलेलं गरम पाणी फेकू नका, जेवल्यावर त्यातच डबा विसळून होते, थंडीत हातालाही बरं वाटते. आणि हे पाणी विहिरीचं साधं चालते, डब्यात जात नाही ना.

गंज न्यायला जमत नसेल, जसं वेचणीला दुसऱ्याच्या वावरात जाणाऱ्या बायांना जमत नाही, तर एक छोटा उपाय आहे. डब्यातली भाजी तव्यावर किंवा रुंद ताटलीत पातळ पसरवा, चार चमचे पाणी शिंपडा, निखाऱ्यावर धरून हलवत राहा. पसरलेलं अन्न दोन मिनिटात तापते. डब्यात उंच भरलेलं तापायला वेळ लागते म्हणूनच करपते, उंची कमी केली की अर्धा त्रास संपला.

झाकणाचं थोडं सावकाश सांगतो कारण इथं लोकं भाजतात. आजकालचे डबे रबराच्या रिंगेचे, चारी बाजूनं क्लिप लागणारे. असा बंद डबा तापवला की आत वाफ कोंडते आणि क्लिप उघडल्याबरोबर तोंडावर, हातावर उडते. आमच्या शेजारच्या वावरात एका पोट्ट्याचा हात असाच भाजला, आठ दिवस कापूस वेचता आला नाही त्याला. तापवायच्या आधी क्लिप काढायची म्हणजे काढायचीच. आणि उलटंही होते, गरम गरम डबा बंद केला आणि थंडीत थंड झाला की आतली वाफ आकसते, झाकण असं ओढून धरते की दोघांनी ओढलं तरी निघत नाही. चाकू-सुरी घालू नका, रिंग कापल्या जाते. झाकणाची कड गरम पाण्यात बुडवा किंवा गरम फडकं गुंडाळा, एक मिनिटात सुटते.

गरम राहणारे जे दोन पदरी डबे आणि बाटल्या मिळतात ते मात्र जाळावर किंवा निखाऱ्यावर कधीच ठेवायचे नाहीत, उकळत्या पाण्यात पण नाही. बाहेरचं प्लास्टिक वितळते, आणि दोन पत्र्यांच्या मधातली बंद पोकळी तापून फुटू शकते. त्या डब्याचं काम वेगळं आहे, तो गरम करायचा नसतो, गरम ठेवायचा असतो. त्यासाठी घरून निघताना त्यात उकळतं पाणी भरून १० मिनिटं बंद ठेवायचं, मग पाणी फेकून लगेच चुलीवरून उतरलेली भाजी गळ्यापर्यंत भरायची. अर्धा भरला तर आतल्या हवेतच गरमी जाते. लोकं म्हणतात ह्या डब्यात काही राहत नाही गरम, त्यांना विचारलं तर नेहमी हेच निघते की थंड डब्यात कोमट भाजी भरली होती. माझ्या घरी बायको सातला भरून देते आणि अकराला उघडला तर वाफ निघते.

आता जाळाचं. पऱ्हाटी (कापसाची वाळली झाडं) भरपूर असते म्हणून सगळे तीच लावतात, पण पऱ्हाटीचा भडका मोठा आणि लगेच विझते, निखारा धरत नाही. पाणी उकळायला ती चांगली. उकळी टिकवायला तुराटीची (तुरीच्या वाळल्या झाडांची) जाड बुडं किंवा बाभळीचं लाकूड पाहिजे, निखारे अर्धा-पाऊण तास राहतात. गोवरी हळू जळते, सुरुवातीला धूर करते, मग संथ आच देते, भाकर गरम करायला तिच्यासारखं काही नाही. बेशरमीच्या आणि कण्हेरीच्या काड्या चुलीत घालू नका, दोन्ही विषारी झाडं आहेत, भाजी हलवायला तोडलेली काडी म्हणून तर मुळीच नको. चूल मांडायला दगड नाल्यातून ओले उचलून आणू नका. आत मुरलेलं पाणी तापलं की दगड फुटते आणि ढलप्या उडतात. धुऱ्यावरचे (बांधावरचे) उन्हात वाळलेले दगड घ्या. वारा सुटला की जाळ एका अंगाला जाते आणि पाणी उकळतच नाही, तेव्हा धुऱ्याच्या आडोशाला वीतभर खोल खड्डा करून त्यात जाळ करायचा आणि गंज खड्ड्याच्या कडांवर ठेवायचा, वाऱ्याकडून एक फट ठेवायची. लाकूड अर्धं लागते.

भाकर वेगळीच गुंडाळायची, भाजीसोबत डब्यात कोंबायची नाही. गरम भाकर बंद डब्यात घातली की तिला घाम येते, मग ती चिकट होते आणि थंड झाल्यावर वातड. सुती फडक्यात बांधा. वावरात गेल्यावर दोन्ही बाजूनं ओला हात फिरवा आणि निखाऱ्यावर नुसती उलटी-पालटी करा, दहा-दहा सेकंद. हाताला पाणी लावल्याशिवाय ठेवली तर पापड होते. पोळीला हेच, पण तिला तेल असते म्हणून ती लवकर जळते, तिला निखाऱ्यावर नाही तर गंजावरच्या ताटलीवर ठेवा.

डबा भरतानाच विचार केला तर अर्धं काम घरीच होते, आणि माझं तर मत आहे की खरी चूक तिथंच असते. परत गरम करायचं चून नेहमीपेक्षा पातळ करायचं. थंड झालं की बेसन पाणी धरून घट्ट होते, घरी जे बरोबर वाटते ते वावरात गोळा होते. वांग्याची भाजी रस्सा ठेवून करायची. वर टाकलेला सांबार (कोथिंबीर) परत तापवल्यावर काळा पडते, म्हणून तो पुडीत वेगळा न्यायचा आणि वरून टाकायचा. ठेचा, कांदा, लसणाची चटणी ह्यांना तापवायचंच नाही. अंबाडीची भाजी, चिंचेचं वरण, कढी हे जर्मनच्या डब्यात न्यायचं नाही, आंबट जर्मनला खाते आणि चव पण बिघडते. त्याला स्टीलच पाहिजे.

भाताबद्दल जरा कळकळीनं सांगतो. शिजवलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की त्यात एक जंतू वाढते, बॅसिलस सेरियस नावाचा. त्याची बीजं तांदूळ शिजवला तरी मरत नाहीत आणि वाढताना तो जे विष सोडते ते परत उकळलं तरी जात नाही. म्हणजे आंबट वास आला नाही, मस्त वाफ येईपर्यंत गरम केला, तरी उलट्या होऊ शकतात. साधारण ५ ते ६० डिग्री ही जंतूंच्या मजेची जागा. त्यात अन्न दोन तासांच्या वर नको, उन्हाळ्यात तर एका तासाच्या वर नको. म्हणून भात तेवढ्या वेळात खायचा नसेल तर गरम राहणाऱ्या डब्यात कडकडीत न्या, नाहीतर नेऊच नका. सकाळी सातला भरलेला भात दुपारी एकला खायचा आणि डबा तोवर कापसाच्या गाठोड्याजवळ उन्हात, हे आमच्याकडं सर्रास चालते आणि मग पोट बिघडलं की पाण्याला दोष देतात. वेचणीला ज्वारीची भाकर, कोरडं चून, ठेचा, हेच बरं, आपल्या आज्या काही उगाच तेच बांधून नेत नव्हत्या.

माझा भाचा फौजेत आहे, तो सुट्टीत आला तेव्हा तयार जेवणाची पाकिटं घेऊन आला होता. मैसूरला १९६१ साली डीएफआरएल नावानं फौजेच्या खाण्यावर काम करणारी प्रयोगशाळा सुरू झाली (आता तिचं नाव बदललं आहे), तिथं अशा गोष्टींवर काम झालं म्हणे. पाकीट बंद करूनच ते १२१ डिग्रीच्या आसपास दाबाखाली शिजवतात म्हणून महिनोन् महिने फ्रीजशिवाय टिकते. दुकानात पण मिळतात आता. ती गरम करायची पद्धत अगदी मायवाली, बंद पाकीट उकळत्या पाण्यात ३ ते ५ मिनिटं, मग फाडायचं. निखाऱ्यावर ठेवायचं नाही, आतला प्लास्टिकचा थर वितळते. फौजेत त्यांना छोटी घडीची पत्र्याची शेगडी आणि जाळायच्या पांढऱ्या वड्या मिळतात, हेक्झामिन नावाच्या इंधनाच्या. त्या वड्या फक्त उघड्यावर जाळायच्या. चुना आणि पाण्याची आपोआप तापणारी पाकिटं पण निघाली आहेत, ते पाहून आमच्या इथं एकानं कळीचा चुना आणून तसंच करायचं ठरवलं होतं, मी त्याला थांबवलं. कळीचा चुना पाणी लागलं की खदखदते आणि उडते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकते.

फवारणीच्या दिवसात तर डब्याची वेगळीच काळजी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, आपल्यापैकी कोणीच ते विसरलं नसेल. औषधाच्या रिकाम्या डब्यात, बादलीत पाणी तापवायचं नाही, कितीही धुतलं असलं तरी. औषधाचे खोके, पुडके, पन्न्या शेकोटीत टाकायच्या नाहीत, तोच धूर भाजीला लागते. डबा औषधापासून लांब झाडाला टांगा, हात-तोंड साबणानं धुवा, फवारणीचा शर्ट बदलूनच डब्याला हात लावा. मोटारीच्या पाईपावर साबणाची वडी बांधून ठेवा, आमच्याकडं तशी असते.

आणि झोपडीत झोपणाऱ्यांनी हे तर नीट वाचा. जेवण झाल्यावर थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची घमेली आत घेतात, दार लावतात, फटीत पोतं कोंबतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघते, त्याला ना वास ना रंग, झोपेतच माणूस जाते. डोकं जड वाटलं, मळमळ झाली तर आधी बाहेर या. निखारे बाहेरच राहू द्या, आत दोन घोंगड्या जास्त घ्या.

मार्चपासून जंगलाच्या कडेला, मोह वेचायला किंवा तेंदूपत्त्याला जाणाऱ्यांनी डबा गरम करायचाच नाही. राखीव जंगलात आग लावायला कायद्यानं मनाई आहे आणि वाळल्या पानात एक ठिणगी पुरते. त्या दिवसात तसं गरम खावंसं पण वाटत नाही, ताक, कांदा, भाकर, ज्वारीची आंबील. आंबील सकाळची ताजीच न्या.

आपल्या वावरात पण गहू पिवळा पडायला लागला की शेकोटी धुऱ्यावर नाही, ओल्या पाटाजवळ करायची. काळ्या मातीला भेगा पडल्या असतात, निखारा भेगेत गेला की वरून दिसत नाही. गंजातलं उरलेलं पाणी राखेवर ओता, काडीनं खालवर करा, परत ओता, आणि राखेच्या जवळ उलटा हात धरून पाहा. हात तापत नसला की मगच मोटारीकडं जा.